नवऱ्याचा मार, सासरचा छळ : बाईनं जायचं कुठं, कागद कोणता करायचा? ग्रामीण भागातल्या महिलांसाठी सविस्तर माहिती

छत्रपती संभाजीनगर (ग्रामीण प्रतिनिधी) :

"विहिरीत पाय घसरून विवाहितेचा मृत्यू. पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद. पुढील तपास सुरू." अशा तीन ओळींच्या बातम्या मी आजवर बऱ्याच दिल्या आहेत. शेती करत करत तालुक्याच्या बातम्या देतो, त्यामुळं पंचनाम्याला हजर राहावं लागतं. ज्या विहिरीवर ती सून रोज पाणी शेंदत होती तिथंच तिचा पाय कसा घसरला, हा प्रश्न गावात सगळ्यांच्या मनात असतो. बातमीत तो येत नाही, कारण आधीचा एकही कागद नसतो. मार सगळ्यांना माहीत, पण नोंद कुठंच नाही.

आमच्या शेजारच्या वस्तीवरची एक बाई काही वर्षांपूर्वी रात्री लेकरू कडेवर घेऊन आमच्या दारात आली. बायकोनं तिला आत घेतलं, हळद लावली. सकाळी आम्ही चार माणसं बसलो, नवऱ्याला समज दिली, त्यानं लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि आम्ही तिला परत पाठवलं. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी ती माहेरी गेली आणि कोर्टात गेली. तिथं तिला विचारलं, याआधी दवाखान्यात दाखवलं होतं का? कुठं तक्रार दिली होती का? तिच्याकडं काहीच नव्हतं. तीनदा बैठकीला बसलेल्या आम्हा माणसांपैकी एकानंही तिला दवाखान्यात नेलं नव्हतं. त्यात मीही होतो. हा लेख त्यासाठी लिहितोय.

सरकारच्या योजना आहेत, कायदे आहेत, फोन नंबर आहेत. पण सोयगावची, कन्नडच्या घाटाकडची किंवा पैठणच्या टोकाची बाई रात्री अकराला घराबाहेर काढली गेली तर तिनं नेमकं काय करायचं, हे गावात कुणी सांगत नाही. म्हणून एकेक करून पाहू.

हिंसा म्हणजे फक्त मारहाण नाही

घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा 2005 चा आहे आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून देशभर लागू आहे. त्यात हिंसेचे चार प्रकार धरले आहेत. एक, शरीराला मार, इजा. दोन, लैंगिक जबरदस्ती, म्हणजे नवऱ्यानं केलेलीसुद्धा. तीन, शिव्या, टोमणे, मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून घालूनपाडून बोलणं, माहेरच्यांचा अपमान. चार, पैशाची अडवणूक.

हा चौथा प्रकार आपल्याकडं कुणी हिंसेत धरतच नाही. रोजंदारीचे पैसे काढून घेणं, लाडक्या बहिणीचे 1500 रुपये खात्यावर आले की कार्ड हिसकावून घेणं, तिचं मंगळसूत्र-पाटल्या मोडून खाणं, किराणा बंद करणं, घराबाहेर काढणं, हे सगळं त्यात येतं.

दुसरी गोष्ट, हा कायदा फक्त लग्नाच्या बायकोसाठी नाही. आई, बहीण, लेक, विधवा सून, लग्नासारखं एकत्र राहणारी बाई, या सगळ्यांना तो लागू आहे. दारू पिऊन आईला मारणारा मुलगाही यात सापडतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 18 ते 49 वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी साधारण चारातल्या एकीनं नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. आणि देशभरात ज्यांनी हिंसा सोसली त्यातल्या जेमतेम 14 टक्के बायकांनी कुणाकडं मदत मागितली. बाकीच्या आपल्याच गल्लीत आहेत.

पहिला फोन कुणाला?

जीवाला धोका आहे, मारहाण चालू आहे, तर 112. हा पोलिसांचा आणीबाणीचा नंबर आहे. फोन शेजाऱ्यानं केला तरी चालतो. गावाचं नाव, वस्तीचं नाव, जवळची खूण (शाळा, मंदिर, डीपी, पाण्याची टाकी) स्पष्ट सांगा, कारण शेतवस्तीवर गाडीला रस्ता सापडत नाही.

धोका आत्ता या क्षणाला नाही पण मदत पाहिजे, तर 181. ही महिला हेल्पलाइन आहे, फोनला पैसे लागत नाहीत. आपल्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण, सखी केंद्र कुठं, याची माहिती तिथून मिळते. लेकरावर अत्याचार असेल किंवा बालविवाह ठरला असेल तर 1098.

फोन नवऱ्याच्या हातात जात असेल तर बोलून झाल्यावर नंबर पुसून टाका. त्यापेक्षा आशाताई, अंगणवाडीताई किंवा बचत गटातल्या मैत्रिणीच्या फोनवरून लावलेला बरा.

पहिला कागद दवाखान्याचा

मार लागला की आपली बाई हळद लावते, शेक घेते आणि कामाला लागते. वळ आठ दिवसांत जातो. नंतर कोर्टात दाखवायला काही उरत नाही. म्हणून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात जा. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, नाहीतर शहरात घाटी.

डॉक्टरांना खरं सांगा. "पायरीवरून पडले", "बैलानं मारलं" असं सांगितलं की केसपेपरवर तेच लिहिलं जातं आणि पुढं तेच अंगलट येतं. कुणी मारलं, कशानं मारलं, कधी मारलं, हे सांगून ते लिहून घ्यायला सांगा. अशा केसची दवाखाना वैद्यकीय-कायदेशीर नोंद करतो, बोलीभाषेत त्याला एमएलसी म्हणतात. केसपेपर जपून ठेवा.

पोलिसांत तक्रार केली नाही म्हणून दवाखाना उपचार नाकारू शकत नाही. घरगुती हिंसाचार कायद्याच्या नियमांतच तसं लिहिलंय. बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्याच्या केसमध्ये सरकारी असो की खाजगी, सगळ्या दवाखान्यांना प्रथमोपचार आणि उपचार मोफत आणि लगेच द्यावे लागतात.

डॉक्टर-नर्सनी अशी बाई ओळखावी, तिला एकटीला बाजूला घेऊन विचारावं, यासाठी राज्यात काम झालेलं आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात महापालिका आणि सेहत या संस्थेनं मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं, ते पुढं इतर हॉस्पिटलांत गेलं. सेहत आणि जागतिक आरोग्य संघटनेनं ज्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलांत डॉक्टर-नर्सना असं प्रशिक्षण दिलं, त्यात आपली घाटीही होती. त्यामुळं घाटीत गेल्यावर नर्स सिस्टरला हळू आवाजात खरं सांगायला लाजू नका.

दुसरा कागद : संरक्षण अधिकारी आणि डीआयआर

बऱ्याच बायकांचं म्हणणं असतं, "नवऱ्याला जेलात घालायचं नाही, फक्त मार थांबला पाहिजे." त्यांच्यासाठीच 2005 चा कायदा आहे. यात सुरुवातीला कुणाला अटक होत नाही. कोर्ट आदेश देतं आणि तो मोडला तर मग गुन्हा होतो.

यासाठी महिला व बालविकास विभागाचा संरक्षण अधिकारी असतो. त्याच्याकडं तोंडी सांगितलं तरी चालतं. तो ते लिहून घेतो, वाचून दाखवतो, सही किंवा अंगठा घेतो आणि तक्रारीची प्रत फुकट देतो. ही प्रत मागून घ्या. मग तो ठराविक नमुन्यात घटनेचा अहवाल भरतो. त्याला सगळे डीआयआर म्हणतात. तो न्यायदंडाधिकाऱ्याकडं जातो आणि एक प्रत पोलिस ठाण्याला जाते.

जाण्याआधी 181 वर किंवा तालुक्याच्या कार्यालयात विचारून घ्या की साहेब किंवा मॅडम कोणत्या दिवशी बसतात. शेतातली मजुरी बुडवून गेलं आणि खुर्ची रिकामी दिसली की बाई दुसऱ्यांदा जात नाही, हे मी पाहिलंय.

खबर बाईनं स्वतःच द्यावी असं बंधन नाही. शेजारी, भाऊ, शिक्षक, कुणीही देऊ शकतो. चांगल्या हेतूनं खबर देणाऱ्यावर त्यासाठी कारवाई होत नाही, हे कायद्याच्या कलम 4 मध्ये आहे.

कोर्ट काय काय देऊ शकतं?

अर्ज तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्याकडं करायचा. पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड, सिल्लोड अशा तालुक्याच्या कोर्टातच काम होतं, शहरात यायची गरज नाही. एकाच अर्जात पुढच्या गोष्टी मागता येतात :

- मारहाण, धमकी, कामाच्या किंवा माहेरच्या ठिकाणी येऊन त्रास देणं बंद करण्याचा संरक्षण आदेश
- घरात राहण्याचा आदेश, किंवा वेगळ्या घराचं भाडं
- स्त्रीधन, म्हणजे अंगावरचे दागिने, भांडी, वस्तू परत
- खावटी, दवाखान्याचा खर्च, नुकसानभरपाई
- लेकरांचा तात्पुरता ताबा

घराबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय. "घर सासऱ्याच्या नावावर आहे, तुझा काय हक्क?" असं म्हणून बाईला बाहेर काढतात. सुप्रीम कोर्टानं 15 ऑक्टोबर 2020 ला सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या निकालात सांगितलं की सून जिथं संसार करत होती ते घर सासू-सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिचा राहण्याचा हक्क लागू होऊ शकतो. त्यानं तिला मालकी मिळत नाही. पण कायद्याची प्रक्रिया न करता तिला रस्त्यावर काढता येत नाही.

पहिली तारीख साधारण तीन दिवसांत ठेवावी आणि पहिल्या तारखेपासून 60 दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. खरी परिस्थिती अशी की तारखा वर्ष-दोन वर्ष चालतात. म्हणून वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा की अंतरिम आदेशाचा अर्ज टाका. कलम 23 खाली कोर्ट प्रकरण चालू असतानाच तात्पुरता आदेश देऊ शकतं, गरज पडली तर समोरचा हजर नसतानाही. आणि खावटी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असं सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलंय. म्हणजे अर्ज जितका उशिरा, तितके महिने गेले.

संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पोलिसांत गुन्हा कधी, कसा?

छळ जास्त असेल, हुंड्यासाठी मागणी असेल, जीव घ्यायचा प्रयत्न असेल तर पोलिस ठाणं. पूर्वीचं 498-अ कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 85 आणि 86 झालंय. तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गुन्हा दाखल झाला की त्याच दिवशी अटक होतेच असं नाही, त्यामुळं गुन्हा दाखल करायच्या दिवशी स्वतः कुठं राहणार हे आधी ठरवा.

"तुमची हद्द नाही" असं सांगून परत पाठवता येत नाही. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याला तो शून्य क्रमांकानं नोंदवून पुढं पाठवावा लागतो. ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेलेल्या आपल्याकडच्या बायकांनी हे लक्षात ठेवावं. फडावर मार झाला तरी गावी येऊन तक्रार देता येते. घरगुती हिंसाचाराचा अर्जही बाई आत्ता जिथं राहते, मग ते तात्पुरतं माहेर का असेना, तिथल्या कोर्टात चालतो.

ठाण्यात नोंद घेतलीच नाही तर लेखी अर्ज ग्रामीण पोलिस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा आणि पोस्टाची पावती ठेवा. आपल्या जिल्ह्यात शहरासाठी पोलिस आयुक्त आणि बाकी तालुक्यांसाठी ग्रामीण अधीक्षक अशी दोन वेगळी कार्यालयं आहेत, अर्ज चुकीच्या ठिकाणी जाऊ देऊ नका.

पोलिसांचा भरोसा सेल आणि काही ठिकाणी महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष समुपदेशनाचं काम करतात. विशेष कक्षाची सुरुवात 1984 साली मुंबईत टाटा समाज विज्ञान संस्थेनं पोलिसांबरोबर केली आणि नंतर राज्य सरकारनं ते काम आपल्याकडं घेतलं. समुपदेशनानं काही संसार खरंच सावरतात. पण तिथं समझोता झाला तर तो लेखी असू द्या, अटी स्पष्ट असू द्या, आणि प्रत स्वतःकडं ठेवा. जीवाला धोका वाटत असेल तर समझोत्याला "नाही" म्हणायचा बाईला पूर्ण हक्क आहे.

रात्री राहायचं कुठं?

माहेर जवळ असेल तर प्रश्न नाही. पण माहेरचे दार लावतात तेव्हा? त्यासाठी सखी वन स्टॉप सेंटर आहे. निर्भया निधीतून 1 एप्रिल 2015 पासून ही केंद्रं सुरू झाली, आता ती केंद्राच्या मिशन शक्तीत येतात. जिल्ह्याच्या ठिकाणी एकाच छताखाली तात्पुरता निवारा, औषधोपचार, पोलिसांची मदत, समुपदेशन आणि वकिलाचा सल्ला मिळतो. साधारण पाच दिवस राहता येतं. मुली कोणत्याही वयाच्या आणि मुलगे 12 वर्षांपर्यंत आईबरोबर राहू शकतात.

त्यापेक्षा जास्त दिवस राहायची वेळ आली तर शक्ती सदन. पूर्वीची स्वाधार आणि उज्ज्वला ही केंद्रं मिळून आता हे नाव झालंय. नोकरी करणाऱ्या बाईसाठी सखी निवास नावाची वसतिगृहाची योजना वेगळी आहे. कुठं जागा आहे ते 181 किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयातून कळतं.

मुलगा 12 च्या पुढचा असेल तर अडचण येते. बऱ्याच बाया मोठ्या पोराला मागं ठेवायला नको म्हणून निघतच नाहीत. अशा वेळी पोराची सोय आजोळी, चुलत्याकडं किंवा वसतिगृहात आधी लावावी.

वकिलाचे पैसे नाहीत?

लागत नाहीत. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आणि जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. फोन 15100. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी राज्याची मनोधैर्य योजना 2013 पासून आहे. त्यात जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत मदत मिळते, तीही याच प्राधिकरणातून.

कोर्टाच्या तारखेला जायला एसटीत मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. छोटी गोष्ट वाटते, पण वर्षभर तारखा करणाऱ्या बाईला विचारा.

निघण्याआधीची तयारी

घरगुती हिंसाचार कायद्याच्या नियमांमध्ये 'सुरक्षा योजना' नावाचा एक नमुनाच दिलेला आहे, संरक्षण अधिकारी तो बाईबरोबर बसून भरतो. तिथपर्यंत पोचायला वेळ लागत असेल तर घरच्या घरी एवढं करून ठेवा :

- आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, लग्नाची पत्रिका किंवा फोटो, लेकरांचे दाखले यांच्या झेरॉक्स मैत्रिणीकडं किंवा माहेरी ठेवा
- थोडे पैसे, एक जोड कपडे, रोजची औषधं एका पिशवीत
- तीन नंबर पाठ करा, फोन हिसकावला तरी डोक्यातून कुणी काढत नाही
- शेजारणीशी खूण ठरवा, अमुक हाक आली की 112 लावायचा
- भांडण पेटलं की चुलीजवळ, विहिरीजवळ, फवारणीच्या औषधाजवळ थांबू नका, अंगणात किंवा माणसांत या
- मारल्याची तारीख, वेळ, कोण हजर होतं हे वहीत लिहा, लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्या
- निघताना लेकरं बरोबर घ्या

फवारणीच्या औषधाबद्दल अजून एक. मनात जीव द्यायचा विचार येत असेल तर 14416 या टेलि-मानसच्या नंबरवर बोला. रात्रीही फोन लागतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

शेतात, कामावर त्रास होत असेल तर

मुकादम, मालक, ट्रॅक्टरवाला यांच्याकडून लैंगिक त्रास होत असेल तर 2013 चा कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ प्रतिबंध कायदा शेतमजूर बाईलाही लागू आहे. जिथं दहापेक्षा कमी कामगार आहेत त्यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तालुक्यासाठी एक समन्वय अधिकारी नेमलेला असतो, त्यानं तक्रार सात दिवसांत समितीकडं पाठवायची. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यावी.

गावानं काय करायचं?

पोलिस पाटील, सरपंच, तंटामुक्तीवाले, भावकी, आपण सगळे बैठक घेतो. बैठक घेऊ नका असं म्हणत नाही. पण बैठकीआधी बाईला दवाखान्यात न्या. बैठकीत जे ठरलं ते लिहा, तारीख टाका, नवऱ्याची सही घ्या, साक्षीदारांच्या सह्या घ्या, एक प्रत बाईला द्या. तिला नवऱ्यासमोर "परत जायचं का?" असं विचारू नका. एकटीला विचारा. आणि दुसऱ्यांदा मार झाला तर बैठक नाही, संरक्षण अधिकारी.

ग्रामपंचायतीच्या आणि अंगणवाडीच्या भिंतीवर 112, 181, 1098, 15100 आणि 14416 हे पाच नंबर रंगवून घ्या. खर्च एका डब्याच्या रंगाचा आहे.

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत सुनेचा संशयास्पद मृत्यू झाला तर कायद्यानं शवविच्छेदन आणि कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी लागते. तहसील कार्यालयाची माणसं येतात, पंचनामा होतो, मी वही घेऊन उभा असतो. तेव्हा ते विचारतात, आधी काही तक्रार होती का? आणि सगळं गाव खाली बघतं.

आमच्या वस्तीवरची ती बाई आज माहेरच्या गावी शिवणकाम करते. तिची केस अजून चालू आहे, दर तारखेला ती पिशवीत कागद घेऊन जाते. पहिला कागद तिला उशिरा मिळाला. तुमच्या शेजारच्या बाईला तो पहिल्या मारालाच मिळावा, एवढंच तुमच्या-माझ्या हातात आहे.